मोहाखालची काडी

हल्ली मला शाल मिळते. वर्षातून दोनदा-तीनदा तरी कुठल्याशा शहरात ‘लोकसहभागातून वनसंवर्धन’ अशा लांबलचक नावाचा कार्यक्रम असतो. हॉल इतका थंडगार असतो की त्या शालीचा खरोखर उपयोग होतो. पाठीमागच्या पडद्यावर एक वाघ असतो, तो आमच्या जंगलातला नसतो. सूत्रसंचालन करणारी मुलगी माझी ओळख ‘जंगलाची लेक’ अशी करून देते. मी गुडघ्यावर हात ठेवून उठते आणि सांगते, की गावानं मनावर घेतलं तर जंगल कसं राखता येतं, पाहुणे समजूतदार असले तर त्यांच्या येण्यानं जनावराचं नि माणसाचं दोघांचंही कसं भलं होतं, वगैरे. टाळ्या पडतात. सांगते ते सगळं खरंच आहे. फक्त त्यातला एक दिवस मी दर वेळी वगळते. तांदूळ निवडताना खडा बाजूला काढावा तसा तो काढून ठेवते. आता वय झालं, माय जाऊनही बरीच वर्षं झाली, तेव्हा तो एकदा लिहून ठेवलेला बरा.

आमच्या घरात वाघाबद्दल चांगलं बोलायची पद्धत नव्हती. वाईट बोलायचीही नव्हती, कारण त्याला सगळं ऐकू जातं असा बाबांचा पक्का समज होता. आमची एक गाभण गाय त्यानं बोडीच्या पाळीवरून, म्हणजे आमच्या शेताला पाणी देणाऱ्या लहान तळ्याच्या बांधावरून, भरदिवसा उचलली. तेव्हापासून बाबा त्याला नुसतं ‘ते’ म्हणायचे. माय बाबांना ‘ते’ म्हणायची. त्यामुळे ‘ते आज नाल्याकडं गेले’ असं कुणी म्हटलं, की नेमकं कोण, हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागायचं. आमचं खैरटोला गाव सानगडीपासून बरंच आत, जंगलाला खेटून, आणि आमचं घर गावाच्या अगदी शेवटचं. पहाटे कोंबड्याच्या आधी मोर केकाटायचे, दिवसभर वानरं छपरावर नाचून कवेलू फोडायची, माय खालून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. शहरातली माणसं ह्यालाच ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ म्हणतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. धान निघालं की त्याच बांधीत, म्हणजे भातखाचरात, लाखोळी, आणि लाखोळी निघाली की पाऊस पडेपर्यंत मोहफुलं, असं आमचं वर्ष चालायचं. उन्हाळ्यात ताटात भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि सुकवलेल्या झिंग्यांची चटणी, आणि शेवटी हातावर भाजलेली मोहफुलं नि तीळ उखळात कुटून केलेला लाडू. आता तोच लाडू नागपूरच्या दुकानात फीत बांधलेल्या डब्यात मिळतो आणि डब्यावर ‘आदिम चव’ असं छापलेलं असतं. माय आदिम होती हे तिला कुणी सांगितलं नाही, नाहीतर सांगणाऱ्याची धडगत नव्हती.

जंगलाच्या कडेला आमचा मोह होता. आमचा म्हणजे कागदावर नव्हे. झाड सरकारचं, जमीन सरकारची, पण त्याखाली पडणारं फूल आमच्या घरचं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. प्रत्येक घराचं झाड असंच ठरलेलं होतं आणि दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी टोपली ठेवत नसे. एका अस्वलीला तेवढं हे मान्य नव्हतं. ती मायच्याही आधी येऊन पोटभर खाऊन जायची. माय तिला जाऊ म्हणायची. रिकामी टोपली घेऊन आली की सांगायची, “आज जाऊबाई पहाटीच उठली. माह्यासाठी निस्ता कचरा ठेवून गेली.” सख्ख्या जावेशी मायचं एवढं प्रेमाचं बोलणं मी कधी ऐकलं नाही.

तर ह्या मोहाखाली काडी लावायची रीत होती. फूल गळायला लागायच्या आधी खालचा पाचोळा काढावा लागतो, नाहीतर फूल पानांत हरवतं. काढायचा म्हणजे जाळायचा, कारण खराट्यानं झाडायचं तर पाठीचे तीन-चार दिवस जातात, आणि काडीनं काम तासाभरात होतं. मायची काडी गावात नावाजलेली होती. ती आधी पायानं सरकवून झाडाभोवती पाचोळ्याचं एक कडं मोकळं करायची, धावड्याची हिरवी डहाळी हातात घ्यायची, वारा पडलेला बघायची आणि मग वाकून काडी लावायची. जाळ कडेकडेनं बुंध्याकडं सरकायचा. कुठं बाहेर जीभ काढली की डहाळीचा फटका बसायचा. शेवटचा धूर विझेपर्यंत ती तिथून हलत नसे. घरी पाहुणे येऊन बसले तरी हलत नसे. काम संपलं की झाडाखाली तव्यासारखी गोल, काळी, स्वच्छ जागा उरायची आणि माय तिच्याकडं असं बघायची जसं मी पुढं माझ्या दहावीच्या निकालाकडं पाहिलं. सगळ्यांचाच हात तिच्यासारखा नव्हता. दर उन्हाळ्यात कुणा ना कुणाच्या मोहाखालून निघालेला विस्तव डोंगरापर्यंत जायचा, दोन-दोन दिवस जंगल जळायचं, आणि गाव म्हणायचं, उन्हाळा आहे, जळणारच.

मी एकोणीस वर्षांची असताना आमच्या गावाला गेट मिळालं. जंगलात जायच्या गाड्या आता आमच्या गावावरून जाणार, गाडीत गाइड आमच्याच गावचा बसणार, गेटच्या फीमधला वाटा गावात राहणार, त्यातून चुलीच्या जागी गॅस येणार आणि जनावरानं गाय नेली तर दाद लागणार, असं सांगण्यात आलं. मोबदल्यात गावानं जंगल राखायचं. बाबा म्हणाले, “पाह्य बाप्पा, आमची गाय खाल्ली त्यानं आन् त्यालेच पाह्याले लोकं नागपूरवरून येऊन रायले.” तरी त्यांनी माझं नाव गाइडच्या यादीत घातलं, कारण घरात दहावी झालेलं दुसरं कुणी नव्हतं आणि मी रिकामी बसून करडी गावच्या स्थळाची वाट बघावी असं मायला वाटत नव्हतं. मग आमचं प्रशिक्षण झालं. शहरातून आलेल्या एका पांढऱ्या बुटातल्या गृहस्थांनी जंगलात आवाज न करता कसं चालावं हे आम्हाला शिकवलं. ते पुढं चालत होते आणि त्यांच्या पायाखाली प्रत्येक वाळकं पान मोडत होतं. मागून आम्ही वीसजण कसलाही आवाज न करता चाललो होतो, म्हणून त्यांनी तीनदा वळून पाहिलं, की वर्ग पळून तर गेला नाही. पण त्याच माणसानं एक गोष्ट अशी सांगितली की ती मी अजून विसरले नाही. गाडी जनावराच्या मागं लावायची नाही, जनावर आपल्या वाटेनं येईल तर बघायचं, नाही आलं तर झाडं बघायची. पाहुण्याला हे पटवणं हेच गाइडचं काम, म्हणाले. वाघ दाखवणं हे वाघाचं काम.

त्या वर्षी माझ्यासारखी नवी बाटलेली दुसरी कुणी नव्हती. ग्रामसभेत आगीबद्दल नियम झाला, तो मीच जोर लावून करून घेतला. ज्या घरातून आग निघेल त्या घराचा गेटवरचा नंबर, म्हणजे गाइड म्हणून गाडीवर जायची पाळी, एक हंगाम बंद. आणि आग कुणी लावली हे सापडलं नाही, तर पावसाळ्यापर्यंत सगळ्या गावाचंच गेट बंद, असं रेंजर साहेबांनी त्याला जोडलं. तो नियम शाळेच्या भिंतीवर गेरूनं लिहिला, तोही मी. अक्षर माझं चांगलं होतं, त्याचा मला गर्व होता. मग शाईचा डबा घेऊन घरोघर बायकांचे अंगठे घेत फिरले. सगळ्यात शेवटी स्वतःच्या घरी आले. माय पायलीनं धान मोजत होती.

“हे का आहे?” तिनं विचारलं.

“आग लावणार नाही म्हणून अंगठा द्यायचा आहे.”

“म्या कवा लावली वो आग?”

“मोहाखाली दरसाल लावतेस ते काय?”

“ते आग होय? ते तं झाडझूड आहे.”

आग म्हणजे जी डोंगर खाते ती, आणि मोहाखालचा जाळ म्हणजे केर काढणं, ह्यात मायच्या मनात तिळभर शंका नव्हती. मी तिला ऐटीत समजावलं, साधारण त्या पांढऱ्या बुटवाल्यांच्या आवाजात. तिनं ऐकून घेतलं आणि डब्यात अंगठा बुडवला. मला वाटलं, पटलं. तिनं तो मी कागद पुढं धरला होता म्हणून दिला होता, एवढंच. तरी त्या उन्हाळ्यात तिनं खराटा हातात घेतला. तीन दिवस कंबर मोडून झाडलं, आणि अर्धा पाचोळा तसाच राहिला.

चौथ्या दिवशी माझा पहिला नंबर लागला. सानगडीच्या शिंप्यानं खाकी शर्ट-पँट शिवून दिली होती. त्यानं आयुष्यात बाईचा शर्ट शिवला नव्हता, आणि तोही त्यानं पुरुषाचाच शिवला. खांदे कोपरापर्यंत येत होते. तो घालून मी अंगणात आले तर मायनं खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “पोलीस दिसते.” तिच्या लेखी ह्याहून मोठं कौतुक नव्हतं. मला तो टोमणा वाटला. मी चहा न पिता निघाले.

गाडी माझा चुलतभाऊ सुधाकर चालवत होता. मागच्या सीटवर नागपूरहून आलेलं एक जोडपं होतं, रेल्वेतून निवृत्त झालेले काका आणि त्यांच्या पत्नी. काका पहाटेपासूनच नाराज होते. सीट कडक होती, चहा पांचट होता, धूळ फार होती आणि अंधारही जरा जास्तच होता. बसल्याबसल्या त्यांनी मला विचारलं, “वाघ साधारण किती वाजता असतो?” रेल्वेत आयुष्य गेलेल्या माणसानं हा प्रश्न विचारावा ह्याचं मला आज हसू येतं, तेव्हा घाम फुटला. मी पाठ केलेलं स्वागताचं भाषण पुस्तकी मराठीत म्हणून टाकलं. गाडीतून उतरायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, कचरा टाकायचा नाही, धूम्रपान करायचं नाही. काकांनी खिशातलं सिगारेटचं पाकीट मुकाट्यानं काढून माझ्या हातात दिलं. ते मी पुढच्या खणात ठेवलं.

गेटचा आडवा बांबू वर व्हायची वाट बघत गाडी थांबली होती. उजाडत होतं. बांबूच्या पलीकडं, चौकीच्या भिंतीला टेकून माय उभी होती. डोक्यावरचा पदर, अनवाणी पाय, लुगड्याचा काठ राखेनं पांढरा झालेला. धावत आल्यासारखी धापा टाकत होती. मला पाहिल्यावर तिनं हात वर केला, पूर्ण वर, बाजारातून लांबच्या माणसाला बोलवावं तसा, आणि हलवत राहिली. तोंडभर हसत होती. मागून काकू म्हणाल्या, “अगं, त्या बाई तुला हात करतायत का?”

मी म्हणाले, “नाही काकू. गावातल्या आहेत कुणीतरी. सगळ्याच गाड्यांना करतात.”

सुधाकरनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. बांबू वर झाला. मी समोर बघत राहिले. लाज वाटली होती, दुसरं काही नाही. त्या खाकी शर्टात मी पहिल्यांदा कुणीतरी झाले होते आणि ती राखेचा काठ घेऊन तिथं येऊन उभी राहिली होती. त्या राखेचा विचार माझ्या मनात आला नाही. जी पोरगी रस्त्यावरच्या पावलावरून जनावर नर की मादी ते सांगणार होती, तिला आपल्या मायच्या लुगड्यावरची राख दिसून समजली नाही.

तासाभरानं नशीब उघडलं. रस्त्यावर वाघिणीचे ताजे ठसे मिळाले, मागोमाग तिच्या बछड्यांचे, आणि डावीकडच्या बांबूच्या रानात वानरं खोकल्यासारखी ओरडू लागली. काका त्या दिवशी पहिल्यांदा हसले. सुधाकरनं गाडी बंद केली. आम्ही श्वास रोखून बसलो. तेवढ्यात लांबून आवाज आला, फट्. मग पुन्हा, फट्, फट्.

“शिकारी?” काका पुटपुटले.

शिकारी नव्हते. जळत्या बांबूची पेरं फुटत होती. मी उभी राहून पाहिलं. धूर गावाच्या बाजूनं उठत होता आणि वारा आमच्याकडं होता. समोर दहा-वीस पावलांवर कुठंतरी वाघीण बसली होती, गाइड म्हणून माझी पहिली वाघीण. सुधाकर माझ्या तोंडाकडं बघत होता. मी म्हणाले, “गाडी वळव.”

“अहो, वाघ इकडं आहे ना?” काका म्हणाले.

“काका, वाघाचं घर जळून रायलं!” माझी पाठ केलेली मराठी तिथं संपली. सुधाकरनं गाडी वळवली.

आम्ही पोचलो तेव्हा जाळ नाल्याकडं सरकत होता. गावातली माणसं डहाळ्या घेऊन आली होती, बायका घागरी आणत होत्या. माय मात्र डहाळी घेऊन जाळावर होती. तिच्या हाताला जोर इतका होता की दोन फटक्यांत एकेक डहाळी मोडत होती. मी पाहुण्यांना गाडीतच बसा म्हणून बजावलं. काकांनी टोपी घट्ट केली, पंचा बाटलीच्या पाण्यात भिजवला आणि सरळ खाली उतरले. पहाटेपासून ज्यांना धूळ सोसत नव्हती, ते गृहस्थ दोन तास धुरात पंचा आपटत होते. काकू घामाघूम झालेल्या बायकांना आपल्या पिशवीतली बिस्किटं वाटत होत्या. जाळ नाल्यावर अडला. पलीकडचं जंगल वाचलं. अलीकडचं बांबूचं बेट गेलं, आणि करवंदीच्या एका जाळीखाली रानकोंबडीची अंडी सापडली, उकडून फुटलेली. ती पाहून काका खाली बसले.

आग सुरू कुठून झाली हे बघायला मी मागं गेले. बघायची गरज नव्हती. आमच्या मोहाखाली तव्यासारखी गोल काळी जागा होती, एका बाजूनं फुटलेली, आणि तिथून पुढं सगळं काळं. बुंध्याच्या मागच्या अंगाला, जिथं मायनं आधीच पाचोळा सरकवून जागा मोकळी केली होती, तिथं धावड्याची डहाळी टेकून ठेवलेली होती. हिरवीगार, एक पान करपलेलं नाही. माय डहाळी घेऊन आली होती आणि ती न वापरताच निघून गेली होती. मी इकडंतिकडं पाहिलं, डहाळी उचलली आणि धुमसणाऱ्या एका ओंडक्यावर टाकली. पानं तडतडली आणि गेली. भिंतीवर नियम लिहिणाऱ्या हातानंच मी हे केलं, आणि झटकन केलं.

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. मायच्या तळहाताला फोड आले होते, ती भाताचं गंज, म्हणजे पातेलं, एरवीसारखं नुसत्या हातानं न धरता पदरानं धरत होती. तिनं मला न मागता दोनदा वाढलं. बाबा म्हणाले, “कोन लावली असन?” मायनं कोंबड्यांना उगीच हाकललं. मी ताटात बघत जेवले.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर शाळेच्या पडवीत सभा भरली. पुरुष पुढं, बायका मागं भिंतीला. भिंतीवर माझा गेरूचा नियम. रेंजर साहेबांनी एवढंच विचारलं, की आग लावणारा आज सापडतोय की गेट बंद करू. गाव हुशार होतं. समितीचे अध्यक्ष आसारामजी खाकरले आणि म्हणाले, “साहेब, गावच्या मान्सानं नाही लावली. काल तो नागपूरचा पाहुणा होता ना टोपीवाला, त्याच्या खिशात सिगारेट होती, चौकीदारानं पाहली.” पडवीत एकदम जीव आला. सगळ्यांच्या माना हलल्या. कुणाला धूर आठवला, कुणाला थोटूक आठवलं, एकाला तर काकांचं तोंडच पहिल्यापासून आग लावणाऱ्यासारखं वाटलं होतं. कालपर्यंत जो पाहुणा देव होता त्याला आम्ही पाच मिनिटांत चोर केला. त्याच्यावर घातलं की गेट उघडं राहणार होतं, कुणाच्याच घराचा नंबर जाणार नव्हता, आणि तो काही नागपूरहून भांडायला येणार नव्हता. वहीत नाव लिहायचं, त्याला परत प्रवेश नाही, प्रकरण संपलं.

“मंदे,” आसारामजींनी मला हाक मारली, “तुह्याच गाडीत होता ना तो? ओढली ना सिगारेट त्यानं?”

पाकीट सगळा वेळ माझ्या गाडीच्या खणात होतं. निघताना मीच ते काकांना परत दिलं होतं, एकही न काढलेलं. मला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. मी म्हणाले, “म्या पाहलं नाही.”

लेखणी वहीवर टेकली. मागून बांगड्या वाजल्या.

“त्या मान्सावर कायले घालून रायले?” माय उभी होती. “तो तं इझवून रायला होता. काडी म्या लावली.”

बाबांनी मान खाली घातली. आसारामजींना खरोखर वाईट वाटलं असावं, कारण ते अध्यक्षाच्या आवाजात बोलायचं विसरले. “वहिनी, चाळीस वर्षं झाली तुमची काडी पाहून रायलो. ठिणगी कवा बाहीर नाही गेली. जाळ टाकून तुम्ही कवा हललाच नाही. मंग कालच काहून गेल्या?”

मायनं पदर सारखा केला. माझ्याकडं पाहिलं नाही.

“झाडून होत नव्हतं. म्हटलं, लवकर आटपते काडीनं. पन गाडी जायचा टाइम झाला होता. पोट्टीले पाह्याले गेटवर गेली. वाटलं, पाहून धावत येतो, तवरीक का होते.” मग थोडं थांबून म्हणाली, “पहिलाच दिस होता तिचा.”

रेंजर साहेबांनी भिंतीकडं पाहिलं आणि नियम मोठ्यानं वाचला. अक्षर सुवाच्य असल्यानं त्यांना कुठं अडखळावं लागलं नाही. आमच्या घराचा नंबर त्या हंगामापुरता बंद झाला. गेट उघडं राहिलं. मी खाकी शर्ट घडी करून पेटीत ठेवला आणि रडले. नंबर गेला म्हणून रडते आहे असं सगळ्यांना वाटलं. मीही तसंच वाटू दिलं.

त्यानंतर आमच्या गावात मोहाखाली काडी लागली नाही. ह्याचं श्रेय भाषणात मी ग्रामसभेला, समितीला आणि जनजागृतीला देते. खरं म्हणजे ते मायला द्यायला हवं, कारण ती आगीच्या बाबतीत इतकी जाचक झाली, की बिडी ओढणारे पुरुष तिला लांबून पाहिलं की बिडी चपलेखाली घालायचे. प्रत्येक बाईला ती खराटा घेऊन दाखवायला जायची, की पाचोळा बुंध्याकडून बाहेर कसा ओढायचा, ढीग कुठं लावायचा, फांद्यांना जुनी लुगडी कशी बांधायची म्हणजे फूल त्यात अलगद पडतं. त्या वर्षी अस्वली आली नाही. माय रोज पहाटे भरलेली टोपली आणायची आणि चिडलेली असायची. “जाऊबाई रुसली,” म्हणायची.

पुढच्या वर्षी मला पुन्हा नंबर मिळाला, आणि मोहाच्या दिवसांत तेच काका-काकू परत आले. ह्या वेळी काकांनी वाघाची वेळ विचारली नाही. काकू म्हणाल्या, त्या झाडाकडं ने, त्याखाली आता काय करता ते बघायचंय. मी त्यांना आमच्या मोहाखाली नेलं. माय खराटा घेऊन उभी होती. तिनं एक अक्षर न बोलता दुसरा खराटा काकांच्या हातात दिला. काकांनी अर्धा तास झाडलं, काकूंनी फुलं वेचली आणि दोघांनी मनापासून सांगितलं, की इतकं बरं त्यांना बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. पुढं ह्याचाच कार्यक्रम झाला. आज लोक आगाऊ नाव नोंदवून आमच्या झाडाखाली झाडायला येतात, आणि त्याला ‘अनुभव’ म्हणतात. मायनं हा अनुभव चाळीस वर्षं कुणाला न विचारता घेतला असता, फक्त काडीनं ते काम तासाभरात व्हायचं.

तर त्या दिवशी काकू फुलं वेचता वेचता थांबल्या, मायकडं नीट बघू लागल्या आणि मग आनंदानं मला म्हणाल्या, “अगं, ह्या त्याच ना? गेटवरच्या? तू म्हणाली होतीस ना, गावातल्या कुणीतरी आहेत, सगळ्याच गाड्यांना हात करतात!”

माय खाली वाकून झाडत होती. खराटा थांबला नाही. मी म्हणाले, “ही माझी माय आहे, काकू.” काकू लाजल्या, मग हसल्या, मग मायचे दोन्ही हात धरून काहीतरी पुष्कळ बोलल्या. मायही हसली. जाताना तिनं त्यांना मोहाचे लाडू पळसाच्या पानात बांधून दिले.

गाडी गेली. आम्ही दोघी झाडाखाली उरलो. मी खराटा घेऊन तिच्यापासून जरा लांब झाडायला लागले. झाडता झाडता ती म्हणाली, “काहून वो मंदे, त्या दिसी गेटवर मी तुले दिसली होती का?”

खरं सांगायला तो एकच क्षण होता. मी म्हणाले, “नाही, माय. मी समोर पाहून रायली होती.”

माय कमरेवर हात ठेवून सावकाश सरळ झाली. माझ्याकडं पाहिलं.

“बराबर आहे,” ती म्हणाली. “गाइडनं समोरच पाहा लागते.”

आणि वाकून तिनं माझ्या बाजूचा पाचोळाही आपल्याकडं ओढून घेतला.